शिवणाच्या खोलीतला विस्तव

१

मी उठसूट आभार मानणारा माणूस नाही. मालकांचेही कधी मानले नाहीत. काम केलं, घरी गेलो. हे सांगतोय ते मात्र आभारासाठीच. जे घडलं तेवढं सांगेन. का घडलं ते मला ठाऊक नाही, आणि ते विचारायला मी कुणाकडं गेलोही नाही.

आर्डकेनच्या किल्ल्याची राखण माझ्याकडं होती. मालक मंडळी ऑगस्टमध्ये शिकारीला यायची, माळावरची पाखरं मारायची, जेवायची, निघून जायची. बाकीचं वर्षभर किल्ला, कुरणं, तळं आणि मागचं रान मी, माझी बायको इशबेल आणि पाऊस यांच्या ताब्यात. हिवाळ्यात मोठं काम एकच. खोल्या शेकायच्या. दगडी घरात माणूस राहिलं नाही की ओल आत शिरते आणि मग निघत नाही. म्हणून रोज एकदोन खोल्यांतली भिंतीतली चूल पेटवायची, दिवसभर कोळसा घालायचा, दुसऱ्या दिवशी पुढच्या खोल्या घ्यायच्या. असा पाळीपाळीनं सगळा किल्ला शेकून निघायचा.

जुना बुरूज जाड भिंतींचा. त्याची काळजी नसे. काळजी नव्या बाजूची. नवी आपली म्हणायला. माझ्या आजोबांनीही ती जुनीच पाहिली. मालकांच्या पूर्वजांनी वरच्या खोऱ्यातली माणसं घरांतून हुसकून तिथं मेंढरं सोडली, त्या सुमाराला ती बांधली. दगड लांबून आणावे लागले नाहीत. वर घरं रिकामी पडलीच होती. ती पाडली, गाड्यांत भरली, खाली आणली. आमच्याकडं हे सगळ्यांना माहीत आहे. बोलत कुणी नाही.

त्या बाजूच्या अगदी टोकाला शिवणाची खोली. पूर्वी तिथं मोलकरणी चादरी शिवत. खोली लहान, खिडकी एकच, पण चुलीपुढचा दगड मोठा. त्या खोलीसाठी घडवलेला नव्हेच तो. मधोमध झिजून खोलगट झालेला.

त्या सकाळी तिची पाळी नव्हती. खिडकीचं दार आपटत होतं म्हणून गेलो. दार लावलं, वळलो, आणि चुलीत राख दिसली.

माझ्या चुलीत राख राहत नाही. मी खरवडून काढतो, वर ओल्या फडक्यानं दगड पुसतो. मालकाच्या आईनं एकदा पांढरा हातमोजा घालून बोट फिरवलं होतं. मोजा पांढराच राहिला.  

शिवाय ही राख कोळशाची नव्हती. कोळशाची राख करडी आणि खरखरीत असते. ही तांबूस, पिठासारखी मऊ. पसरलेलीही नव्हती. कुणीतरी हातानं थापून तिचा गोल केला होता.

मी बोट घातलं. आत गरम होतं.

२

पहिला संशय टॅमचा. टॅम आमच्या नदीतले मासे चोरतो आणि स्वतःला कोळी म्हणवतो. पुलावर गाठला.

"काय रे, माझ्या किल्ल्यात झोपतोस का?"

"तुझ्या किल्ल्यात?" टॅम म्हणाला. "मर्डो, बायकोनं हाकललं तर मी तुरुंगात जाईन. तिथं जेवायला देतात, आणि तुझं तोंड बघावं लागत नाही."

"राख सापडलीय मला."

"मग झाड. तेच तर काम तुझं."

तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलताना तो फार नम्र होतो.

मी राख काढली, दगड पुसला, खोलीला कुलूप घातलं, किल्ली खिशात ठेवली. दुसऱ्या सकाळी कुलूप जसंच्या तसं. चुलीत तांबूस राख, थापलेली, गोल. धुरांड्यातून काही पडलं असेल म्हणून आत मान घालून पाहिलं. वर आभाळाचा तुकडा दिसला, बाकी काही नाही. शेजारच्या खोलीतून ऊब येत असेल म्हणून भिंतीला हात लावला. भिंत गार होती.

तेव्हा इशबेलला घेऊन गेलो. तिला असल्या गोष्टींत माझ्याहून जास्त कळतं असं नव्हे, पण तिचं नाक तिखट आहे. ती वाकली, वास घेतला.

"पीट आहे हा," ती म्हणाली.

पीट म्हणजे दलदलीतली काळी माती. विटांसारखी कापून, वाळवून जाळायची. इशबेल बेटावरची, तिकडं घरोघरी पीटच.

"इथं पीट कोण जाळतो?" मी म्हटलं. "या जमिनीवर पीट कापलेला माझ्या बापानंही पाहिला नसेल."

"मग तुझ्या बापाच्या आधीचा असेल."

"चेष्टा पुरे."

"मी कुठं चेष्टा करतेय?" ती उठली नाही. राखेकडं बघत राहिली. "आई रोज निजण्याआधी असंच करायची. निखारे गोल मांडायचे, वर राख लोटायची, तळहातानं थापायची, तोंडानं चार शब्द म्हणायचे. सकाळी फुंकर घातली की विस्तव उठायचा. आमच्या घरचा विस्तव आजीच्या लग्नापासूनचा होता. कधी विझला नाही." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "हाही विझलेला नाही, मर्डो. झोपवलाय."

"कुणी?"

"ते तू बघ. राखणदार तू."

मी खाली गेलो आणि बादली भरून आणली.

"हे कशाला?" तिनं विचारलं.

"माझ्या किल्ल्यात मला न विचारता विस्तव ठेवायचा नाही."

"तुझा किल्ला! ऑगस्टमध्ये कुणाचा असतो मग?"

"बाजूला हो."

ती झाली नाही. "वरच्या खोऱ्यात मालकाच्या कारभाऱ्याची माणसं घरात शिरून आधी चुलीवर पाणी ओतायची. म्हातारी खाटेवर असो, मूल पाळण्यात असो. चूल विझली की घर संपलं. ठाऊक आहे ना तुला?"

"मी कारभाऱ्याचा माणूस नाही."

"मग बादली खाली ठेव."

मी ओतली.

वाफ उठली, चुलीतून राखेचं पाणी दगडावर आलं. आणि आवाज झाला. चर्चमध्ये प्रार्थनेला सगळी माणसं एकदम उठतात, तेव्हा होतो तसा. कपड्यांचा, पायांचा, कुणाच्या तरी खोकल्याचा. वरून नाही, बाहेरून नाही. आमच्या चहूबाजूंनी.

"छतावरून बर्फ घसरलं," मी म्हटलं.

"छतावर अजून बर्फ पडलंय कुठं?" इशबेल म्हणाली, आणि माझ्याआधी खोलीबाहेर गेली.

३

त्यानंतर राख दिसली नाही. खोली मात्र बदलली. पाळी आली की मी कोळसा लावायचो; काटक्या जळायच्या, कोळसा पेट घ्यायचा नाही. दुसऱ्या खोलीत तोच कोळसा धडधडून जळे. मी धुरांड्याला दोष दिला. आवाज आठवला की मी दुसरं काहीतरी काम काढायचो. काम पुष्कळ होतं.

थंडीच्या भरात आमची मुलगी शीना बाळंतपणाला आली. नवरा मासेमारीच्या जहाजावर, उत्तरेला. दिवस भरायला अजून वेळ होता. आम्ही फाटकाजवळच्या घरात राहत होतो. लहान घर, ऊबदार. मग बर्फ आलं. असं बर्फ मी त्याआधी पाहिलं नव्हतं. कुंपणं गेली, रस्ता गेला, दिवे गेले. आणि त्यातच शीनाच्या पोटात दुखायला लागलं.

मूल सकाळी झालं. इशबेलनंच काढलं. मुलगी. माझ्या दोन तळहातांत मावली असती. ओठ जांभळे.

फोन तेवढा चालू होता. गावातली नर्स, गॉल्टबाई, लाइनवर आली. ती मला लहानपणापासून ओळखते आणि घाबरत नाही.

"मर्डो, तुझं तोंड बंद ठेव आणि ऐक. बाळ आईच्या छातीशी, उघड्या अंगाला उघडं अंग. वरून जेवढं असेल तेवढं पांघरूण. आणि खोली गार पडू द्यायची नाही. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"खोली गार पडली तर ही पोर जगायची नाही. बर्फ काढणारी गाडी निघाली की मी तिच्या मागोमाग येते. तोवर तू..."

फोन मेला.

दुपारच्या आत वाऱ्यानं घरामागचं मोठं झाड पाडलं. ते धुरांड्यावर आलं. धुरांडं छतातून स्वयंपाकघरात. कुणाला लागलं नाही. पण आभाळ दिसायला लागलं, आणि बर्फ चुलीत पडायला लागलं.

मारलेली हरणं डोंगरावरून ओढून आणायची एक घसरगाडी माझ्याकडं आहे. तिच्यावर गादी टाकली, शीनाला आणि बाळाला बांधलं, आणि किल्ल्यापर्यंत ओढलं. इशबेल मागून ढकलत होती. 

४

किल्ल्यात चुली पुष्कळ, पण त्या दिवशी वारा प्रत्येक धुरांड्यातून आत घुसत होता. बुरुजातल्या खोलीत पेटवलं तर धूर खाली. दिवाणखान्यात तेच. शीना खोकायला लागली, तेव्हा इशबेलनं बाळाला स्वतःच्या कपड्यात घेतलं. एकेक खोली करत आम्ही नव्या बाजूच्या टोकाला आलो. धूर मागं फिरत नव्हता तो फक्त शिवणाच्या खोलीत. तिथं बाळ पुन्हा शीनाच्या छातीशी दिलं.

पण तिथं कोळसा पेटेना. काटक्या जळून गेल्या, जुनी वर्तमानपत्रं जळून गेली. कोळसा काळाच. मी फुंकून फुंकून डोळे लाल केले. श्वासाची वाफ दिसत होती. मुलीची, बायकोची, माझी. बाळाची दिसत नव्हती.

इतका वेळ मांजरीच्या पिलासारखा एक आवाज येत होता. तो थांबला.

"आई," शीना म्हणाली. "आई, ती गार लागतेय."

इशबेल माझ्याकडं वळली. "मर्डो. माग."

"काय?"

"विस्तव."

"कुणाकडं?"

"ज्यांचा विझवलास त्यांच्याकडं."

"वेड लागलंय तुला."

"लागू दे. तू माग."

"बाबा," शीना म्हणाली. तिचा आवाज म्हातारीसारखा झाला होता. "तुम्ही आयुष्यात कुणाकडं काही मागितलं नाही. आम्हाला त्याचा अभिमान होता. आता पुरे."

मी चुलीपुढं गुडघे टेकले. दगडाच्या त्या खोलगट जागेत माझे गुडघे बरोबर बसले. त्या जागेवर माझ्याआधी पुष्कळांनी गुडघे टेकले असणार, हे मला तेव्हा कळलं.

काय बोलायचं ते येत नव्हतं. जे आलं ते म्हटलं. "विस्तव मी विझवला. बायको नको म्हणत होती. पोर लहान आहे, आजची आहे. द्याल तर फार बरं होईल."

काही झालं नाही. मी उठलो. स्वतःचा राग आला. खाली जाऊन जेवणघरातल्या दोन खुर्च्या फोडल्या, ओक लाकडाच्या, मालकाच्या पणज्याच्या. लाकूड काखेत मारून वर आलो, तर खोलीबाहेरच्या बोळातच वास आला. मातीचा, धुराचा, ओल्या लोकरीचा.

चुलीत विस्तव होता. ज्वाळा नाही. लाल, शांत, काठोकाठ. खोली उबली होती; नुकतीच नाही, वर्षानुवर्षं उबलेली असावी तशी.

इशबेल भिंतीकडं तोंड करून उभी होती.

"काय पाहिलंस?" मी विचारलं.

"डोळे मिटले होते मी."

"का?"

"मला विस्तव हवा होता, मर्डो. बघायचं नव्हतं."

पांघरुणातून मांजरीच्या पिलाचा आवाज आला.

५

बर्फ थांबेना. आम्ही त्याच खोलीत राहिलो. चुलीत आम्ही काही घातलं नाही. फोडलेल्या खुर्च्या बोळातच पडून राहिल्या. जुन्या धुरांड्याच्या तळाशी पीटचा थर साचला असेल, तो माझ्या काटक्यांनी पेटला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. ते पटतही होतं. पण सकाळी पाहावं तर विस्तव राखेखाली झोपवलेला असे, आणि त्या राखेवर तळहाताचा ठसा असे. माझ्या तळहाताच्या निम्मा. इशबेलचाही नाही, तिच्या बोटाचं एक पेर लहानपणी तुटलंय, आणि ठशाला पाचही बोटं पूर्ण होती.

खिडकीच्या काचेला आतून इतकी वाफ धरे की पाणी ओघळून खाली तळं व्हायचं. तीन माणसं आणि एक अर्भक एवढा श्वास सोडत नाहीत. रविवारी चर्चच्या काचा तशा होतात.

शीना मला म्हणाली, "बाबा, मघाशी कोण गुणगुणत होतं?"

"आई असेल तुझी."

"आई झोपली होती. आणि एकटीचा आवाज नव्हता तो."

"चांगलं होतं का?"

तिनं विचार केला. "हो," ती म्हणाली. "पण ते माझ्यासाठी नव्हतं."

दिवसा मी खोलीत बसत नसे. बोळात खुर्ची टाकून बसे. भीती वाटत होती, ती वाटत होती. नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण आतून पोरीचं रडणं यायचं, रोज थोडं मोठं, रोज थोडं चिडकं. ते ऐकलं की मी टोपी काढून गुडघ्यावर ठेवत असे. कुणासाठी ते माहीत नव्हतं. बसल्या बसल्या हात आपोआप डोक्याकडं जायचा.

६

एका दुपारी दुरून इंजिनाचा आवाज आला. बर्फ काढणारी गाडी. मी बोळातल्या खिडकीतून पाहिलं. फाटकापाशी पिवळा दिवा फिरत होता, आणि मागं गॉल्टबाईची छोटी मोटार. सांगायला म्हणून मी खोलीचं दार ढकललं.

इशबेल आणि शीना दोघी गाढ झोपल्या होत्या. कितीतरी दिवसांनी अशा झोपल्या असतील. टेबलाच्या खणात आम्ही बाळाचं अंथरूण केलं होतं. खण रिकामा होता.

बाळ चुलीपाशी होतं. कुणाच्या तरी मांडीवर. बाई असावी; पाठ माझ्याकडं, डोक्यावरून लोकरीची शाल. पलीकडून विस्तव तिला लाल करत होता. ती हलत नव्हती.

माझी आहे ती, असं माझ्या तोंडाशी आलं. माझी नात. तोंड उघडलंही. मग मी ते गिळलं, कारण तोवर डोळे अंधाराला सरावले होते, आणि खोली रिकामी नाही हे मला दिसायला लागलं होतं.

मी वर पाहिलं नाही. जमिनीकडं पाहत राहिलो. जमीन दिसत नव्हती. गुडघे होते, मांड्यांवर ठेवलेले हात होते, लांब काळे घागरे होते, अनवाणी पाय होते. भिंतीपासून भिंतीपर्यंत, एकमेकांना खेटून, सगळे चुलीकडं तोंड करून बसलेले. दोघी जिथं झोपल्या होत्या तेवढी जागा सोडलेली. बाकी तसूभरही नाही. आणि इतके दिवस आम्ही तिथं पाय पसरून झोपत होतो.

मला पळून जाता आलं असतं. मी तिथंच उभा राहिलो आणि हात पुढं केले.

"आभारी आहे," मी म्हटलं. मग नीट ऐकू जाईल असं पुन्हा म्हटलं. "तुम्ही जागा दिलीत. आभारी आहे."

बराच वेळ काही झालं नाही. मग चुलीपाशी शाल हलली. बाळ तिच्या मांडीवरून शेजारच्या मांडीवर गेलं. तिथून मागच्या. या हातातून त्या हातात, सावकाश, कुणी घाई न करता, माणसांनी भरलेल्या खोलीतून ते माझ्याकडं येत राहिलं. प्रत्येक जण ते क्षणभर धरून ठेवत होता. बाळ रडलं नाही. मी फक्त त्याच्याकडं पाहत होतो. त्याच्याखेरीज कुणाकडंही पाहायची हिंमत माझ्यात नव्हती.

शेवटच्या हातांतून मी तिला घेतलं. ते हात माझ्या हातांना लागले. तळ्यावरच्या बर्फासारखे गार. इतकी वर्षं त्या विस्तवाशी बसून ते हात तेवढे गार होते. आणि पोर भाकरीसारखी ऊन होती.

जिन्यावर जड बूट वाजले. गॉल्टबाई धापा टाकत बोळात आली, पिशवी खांद्याला, टोपीवर बर्फ.

"आहे का?" तिनं विचारलं. तिला पुढचं विचारवेना.

मी पांघरूण बाजूला केलं. तिनं दोन बोटं बाळाच्या मानेला लावली, मग कपाळाला, मग त्याच बोटांनी स्वतःचे डोळे पुसले. "गुलाबी आहे रे," ती म्हणाली. "मर्डो, गुलाबी आहे ही! पोरीची आई कुठंय?"

"आत."

ती दाराकडं निघाली. मी तिचा दंड धरला.

"काय झालं?"

"दार हळू लोट," मी म्हटलं. "दाराजवळही बसलेत."